बिनगिअरचा ट्रॅक्टर : तोफेपासून चिकूच्या बागेपर्यंत



मागे चिकूखालचं गवत कापतानाचा फोटो टाकला होता. त्यावर गवताबद्दल दोघांनी विचारलं, बाकी सगळ्यांचा एकच प्रश्न : "काका, गिअरचा दांडा कुठंय?" दांडा नाही. क्लचही नाही. उजव्या पायाखाली दोन पायडल आहेत. एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे, पाय काढला की जागेवर उभा. गिअरचं काम आत तेल करतं. याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात, मिस्त्री लोक नुसतं 'हायड्रो' म्हणतात. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून आज सवडीने लिहितो. लांबेल थोडं. यात दोन चुका माझ्या स्वतःच्या आहेत, त्याही लिहितो, कारण गिअरच्या ट्रॅक्टरवर ज्याचं आयुष्य गेलं त्याच्या हातून त्या होणारच.

हे यंत्र २०१९च्या उन्हाळ्यात मला साकीनाक्याला एका भंगारवाल्याच्या आवारात सापडलं. मुंबईतल्या कुठल्याशा मोठ्या आवारातल्या हिरवळीवर चालून चालून म्हातारं झालेलं, लिलावात निघालेलं. बाहेरच्या देशातून आलेलं, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. टायर गुळगुळीत, सीट फाटलेली, पण इंजिन एका चावीत सुरू झालं. एक लाख दहा हजारांना सौदा ठरला. निम्मे सोसायटीतून काढले, निम्म्यासाठी बायकोच्या दोन पाटल्या गहाण ठेवल्या. आमच्या डहाणूकडे गवत कापायला माणूस मिळत नाही. तरणी पोरं बोईसरच्या, वापीच्या कारखान्यांत जातात. पावसाळ्यात चिकूखाली कमरेएवढं गवत होतं, पडलेलं फळ दिसत नाही, ते तसंच कुजतं आणि बी पोखरणाऱ्या अळीचं फावतं. मोठा ट्रॅक्टर खाली आलेल्या फांद्यांखाली शिरत नाही. शिरलाच तर दर दहा पावलांवर क्लच, गिअर, मागे, पुढे. म्हणून ही बुटकी, बिनगिअरची गाडी घेतली.

आता ही गाडी आली कुठून, म्हणजे ही कल्पना आली कुठून, ते सांगतो.

बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण सगळे दहावीपर्यंत शिकलोय. माझं शिक्षण तिथेच थांबलं, पण नियम लक्षात राहिला. पास्कल सतराव्या शतकातला. त्याच्यावरून इंग्लंडच्या ब्रामाने १७९५ साली पाण्यावर चालणारा दाबयंत्राचा प्रेस केला. पुढची शंभर वर्षं या धंद्यात पाणीच वापरत. पाण्याने लोखंड गंजतं, पाणी वंगण देत नाही, थंड मुलखात गोठतं. त्यामुळे यंत्रं धिप्पाड आणि ढिली असायची, बारीक मापाचं काम करून उपयोग नव्हता.

तेल आलं ते लढाऊ जहाजावर. अमेरिकेच्या आरमारात व्हर्जिनिया नावाच्या जहाजाच्या तोफा वरखाली करायला १९०६च्या सुमाराला जॅनी आणि विल्यम्स या दोघांची तेलाची यंत्रणा बसवली. तोफ हवी तितकीच, हवी त्या वेगाने, झटका न देता हलली पाहिजे आणि सोडली की तिथेच थांबली पाहिजे. माझ्या पायडलकडे बघून हेच वाक्य लिहिता येईल. जॅनीच्या यंत्रातली मुख्य युक्ती म्हणजे तिरकी ताटली, आणि ती आजही तशीच आहे.

युक्ती अशी. एक लोखंडी गोल ठोकळा, त्यात पिस्तुलाच्या चकरीसारखी गोलाकार भोकं, प्रत्येक भोकात एक पिस्टन. ठोकळा इंजिनाबरोबर फिरतो. पिस्टनचे पाय एका ताटलीवर टेकलेले असतात. ताटली सरळ असेल तर पिस्टन नुसते गोल फिरतात, आतबाहेर होत नाहीत, तेल हलत नाही, ट्रॅक्टर उभा. ताटली जरा कलली की एका बाजूचे पिस्टन आत ढकलले जातात, दुसऱ्या बाजूचे बाहेर येतात आणि तेल वाहायला लागतं. जास्त कलली तर जास्त तेल. उलटी कलली तर तेल उलटं, ट्रॅक्टर मागे. हे तेल शेजारच्या तशाच दुसऱ्या ठोकळ्यात जाऊन त्याला फिरवतं, ती मोटार, आणि तिच्यापुढे चाकाचे दातेरी गिअर. आपल्या पायाखालचं पायडल फक्त ताटली कलवतं. इंजिन आपल्या एका लयीत चालू.

ट्रॅक्टरच्या मागचा हायड्रॉलिक लिफ्ट सगळ्यांना माहीत आहे. तिथे तेल जातं, नांगर उचलतं, परत टाकीत येतं. इथे तेल पंप आणि मोटार यांच्यातच गोल गोल फिरतं, बंद फेऱ्यात. त्यातलं थोडं थोडं झिरपतं, तेवढं भरून काढायला एक छोटा पंप असतो, त्याला चार्ज पंप म्हणतात. पुढे मी जी चूक सांगणार आहे ती याच पंपाला भोवली.

जहाजावरून हे शेतात यायला पन्नास वर्षं गेली. इंग्लंडच्या सिल्सो इथल्या शेतीयंत्र संस्थेने १९५४ला असा एक प्रयोगाचा ट्रॅक्टर करून दाखवला होता. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने १९६१ साली तर विमानासारखं टर्बाइन इंजिन आणि हायड्रोस्टॅटिक चाल असलेला ट्रॅक्टर बनवला, एचटी-३४० नावाचा. आवाज भयंकर होता, विकायला कधी आला नाही, आता तो संग्रहालयात आहे. पण त्यातली तेलाची चाल कंपनीने ठेवली. १९६५-६६च्या सुमाराला त्यांनी कब कॅडेट या आपल्या बागेच्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये, १२३ नंबरच्या मॉडेलला, ती घातली. त्याच काळात तिथल्या दुसऱ्या एकदोन कंपन्यांनीही असेच बागेचे ट्रॅक्टर काढले. १९६७ला ६५६ हायड्रो हा शेताचा मोठा ट्रॅक्टर आला.

इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव जुन्या मंडळींना ओळखीचं वाटलं असेल. बरोबर आहे. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि हीच अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ बाहेर पडायला लागला. पस्तीस हॉर्सपॉवर. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आलेला पहिला ट्रॅक्टर तोच.

म्हणजे बघा. एकच कंपनी, साधारण तीच वर्षं. तिकडे अमेरिकेतल्या बंगल्यासमोरचं गवत कापायला बिनगिअरची, पायडलवर चालणारी गाडी. इकडे १९६५-६६चा दुष्काळ, पीएल ४८०चा गहू बोटीतून येतोय, आणि कांदिवलीहून निघतोय गिअरचा, क्लचचा, जड लोखंडाचा बी-२७५. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला जरा राग आला होता. चांगलं ते स्वतःला, जुनं ते आपल्याला, असं वाटलं. आता तसं वाटत नाही, आणि का नाही ते साकीनाक्याच्या गाल्यात कळलं.

आमच्या वडिलांनी १९८३ला जुना बी-२७५ घेतला. मी तेव्हा शाळेत. आम्ही लोकलने मुंबईला निघालो की कांदिवलीला वडील पूर्वेकडे बोट दाखवून म्हणायचे, "आपला इथला." जसं काही माहेर. त्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स मी वडिलांबरोबर तीन वेळा उघडलेला आहे, आंब्याच्या झाडाखाली, गोणपाट अंथरून. घण, पाना, छिन्नी आणि डिझेलने भरलेलं घमेलं, एवढ्यात काम. दात तुटला असेल तर दुसरा गिअर घालायचा, बेअरिंग ठोकून बसवायचं, नव्वद नंबरचं तेल ओतायचं, झाकण लावायचं. तेलात चिमूटभर माती गेली तर गिअर ती दळून टाकतो. महिनाभराने तेलात काळपट गाळ दिसतो, इतकंच. असं यंत्र होतं म्हणून ते खेड्यात टिकलं. कंपनीचा माणूस पन्नास कोसांवर, पण लोहार गावातच.

शिवाय डिझेलचा हिशेब आहे. गिअरमधून ताकद फार थोडी वाया जाते. तेलाच्या चालीत ढोबळमानाने पाचवा हिस्सा तेल तापवण्यात जातो, कधी जास्तही. दिवसभर एका चालीत नांगरायचं तर हा पाचवा हिस्सा कोणाला परवडेल? अमेरिकेतही ६५६ हायड्रोबद्दल नांगरणारे कुरकुरतच होते. ज्यांचं काम थांब-चल, मागे-पुढे असं, म्हणजे गवताच्या पेंढ्या बांधणारे, गोठ्यात लोडर चालवणारे, ते खूष होते. आपल्याकडेही ही चाल शेवटी त्याच दाराने आली. भाताची कापणी-मळणी करणारी जपानी धाटणीची पट्ट्यावरची मशिनं, ऊसतोडणीची मशिनं, यांची चाकं किंवा पट्टे तेलावरच चालतात. भाड्याने मशिन लावणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे. कांदिवलीच्या कंपनीनेही पुढे १९९४पासून अमेरिकेत धंदा मांडला आणि तिथे ती हायड्रोस्टॅटिक छोटे ट्रॅक्टर विकते. आपल्याकडे बहुतेक छोटे ट्रॅक्टर अजून गिअरचेच. आणि ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून आपण शिकलो तिचा बागेच्या ट्रॅक्टरचा धंदा १९८१ला विकला गेला, १९८५पर्यंत शेतीयंत्रांचाही. गुरू बुडाला, चेला उरला.

आता माझी गोष्ट.

पहिली दोन वर्षं गाडीने बिनतक्रार काम केलं. २०२१च्या भाद्रपदात बघतो तर मागच्या काळ्या डबीतलं तेल खाली गेलेलं. घरात नव्वद नंबरचं तेल होतं. तेल ते तेल म्हणून अर्धा लिटर ओतलं. ही पहिली चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केलं तर आतून बारीक कण्हल्यासारखा आवाज. अर्ध्या तासाने तेल तापलं की आवाज कमी, पण बांधावर चढेना. पायडल पूर्ण दाबलं तरी जागेवर.

झालं होतं असं की नव्वद नंबर सकाळच्या गारव्यात काकवीसारखं घट्ट. तो बिचारा चार्ज पंप ते ओढू शकत नव्हता, त्यामुळे तेलात पोकळी, पोकळीमुळे आवाज, आणि पिस्टनच्या पायाला तेलाचा थर न मिळून तो घासत होता. वर नव्वद नंबरमध्ये गिअरच्या दातांसाठी गंधकाचं रसायन असतं. गरम झालं की ते पितळ-ब्राँझला चांगलं नाही, आणि पिस्टनचे पाय बहुधा त्याच धातूचे.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. मी आणि थोरल्याने मिळून हायड्रो उतरवला आणि त्याच आंब्याखाली, तसंच गोणपाट अंथरून, उघडला. आत तुटलेलं काहीच नव्हतं. सगळे भाग चकचकीत, आरशासारखे. मला वाटलं, हे तर उत्तम आहे. डिझेलने धुतलं, जुन्या धोतराच्या चिंधीने पुसलं, बसवलं. आता गाडी फक्त मागे जायला लागली. पुढे अजिबात नाही.

चौकशी केली तर नवा हायड्रो बाहेरून मागवायचा, एक लाख ऐंशी हजार. अख्ख्या गाडीपेक्षा जास्त. पाटल्या अजून सोसायटीशेजारच्या सोनाराकडेच होत्या. बागेत गवत वाढलेलं, एका झाडाखाली घोणस निघाली म्हणून तोडणीच्या बायका आत जायला तयार नाहीत. बायको एका शब्दाने बोलली नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

शेवटी ज्याच्याकडून गाडी घेतली त्या भंगारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "लेके आओ, खैरानी रोडपे एक मिस्त्री है." अठरा किलोचा नग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पोत्यात घालून डहाणूच्या लोकलने निघालो. अंधेरीला उतरलो. मेट्रोने पाचव्या स्टेशनाला साकीनाका येतं, पण तारा-नळ्या निघालेला लोखंडी ठोकळा बघून तपासणीवाला काय म्हणेल या भीतीने रिक्षा केली.

साकीनाका म्हणजे मूळ साकी नावाचं गाव आणि पुढे नाका. वाहनांच्या गर्दीत आता गाव शोधून सापडत नाही. इथे एवढे गाले कसे, याचा अंदाज आजूबाजूला पाहिलं की येतो. पवईला लार्सन अँड टुब्रोने १९४८ साली पंचावन्न एकर दलदल आणि जंगल घेऊन कारखाना मांडला. दुसरीकडे कुर्ल्याला प्रीमियर, जिथे पद्मिनी गाडी होत असे. मधला अंधेरी-कुर्ला रस्ता. मोठ्या कारखान्याला बाहेरून छोटे भाग करून देणारे लागतात, कारखान्यातून बाहेर पडलेल्या कारागिराला स्वतःचा लेथ टाकावासा वाटतो, आणि जुनं यंत्र निघालं की ते घेणारा भंगारवाला शेजारीच. आता पवईत इमारती झाल्या, पद्मिनी बंद पडून काळ लोटला, पण लेथ आहेत. दहा बाय पंधराच्या गाल्यात रबराच्या कड्यांची इतकी मापं टांगलेली असतात की बघत राहावं. या कड्या म्हणजे ओ-रिंग. एक गंमत : ओ-रिंगचं पेटंट १९३९ला अमेरिकेत मिळालं ते नील्स ख्रिस्तेन्सन या माणसाला, तो मूळ डेन्मार्कचा. आणि लार्सन व टुब्रो हे दोघेही डेन्मार्कचेच. आपल्या दारातल्या तेलगळतीचा आणि त्या देशाचा काहीतरी ऋणानुबंध दिसतो.

मिस्त्री साठीचा. चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने नग घेतला, पण लगेच उघडला नाही. आधी बाहेरून घासून धुतला, वाऱ्याने सुकवला. मग गाल्याच्या आतल्या बाजूला काचेचं दार असलेली एक खोली होती, पलंगाएवढी, तिथे नेला. टेबलावर पांढरा कागद. पंखा बंद. मला दाराबाहेर उभं केलं. उघडल्यावर पहिलाच प्रश्न : "इसको किसने खोला?"

मी गप्प. त्याने चिमट्याने काहीतरी बारीक उचलून कागदावर ठेवलं. गोणपाटाचा धागा. झडपेच्या बारीक भोकात अडकलेला, म्हणून पुढची बाजू दाब धरत नव्हती. मग त्याने मला आत बोलावलं आणि ठोकळ्याखालची चकती दिव्याखाली धरली. मला आरसा दिसत होता. "नाखून लगाओ." नख फिरवलं तर वर्तुळाकार चरे लागले, शेकड्याने. आमच्या आंब्याखालची माती.

त्याने सांगितलेला हिशेब तेव्हा डोक्यात बसला. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. ही चकती आणि ठोकळा यांच्यामधली फट काही मायक्रॉनची. त्या फटीत तेलाचा जो पापुद्रा आहे तोच दाब धरून ठेवतो. आपल्या ठिबकला एक-दीड किलोचा दाब, फवारणीच्या एचटीपी पंपाला वीस-तीस किलो. हायड्रोमध्ये चढावर शंभरच्या पुढे सहज जातो, मोठ्या मशिनांत तीनशेच्याही वर. इतक्या दाबाने तेलात फिरणारा वाळूचा कण म्हणजे पॉलिश पेपरच. गिअर माती दळतो, हायड्रोला माती दळते.

गाल्यात उभा असतानाच कांदिवलीवरचा माझा राग गेला. १९६५ साली आमच्या वडिलांच्या गावाला हा हायड्रो दिला असता तर कुठल्या काचेच्या खोलीत उघडला असता? वीज नव्हती गावात. त्या वेळी मिळाला तो ट्रॅक्टर बरोबर मिळाला. चूक माझी होती. मी २०२१ साली हायड्रोला बी-२७५ समजून वागवलं.

मिस्त्रीने चकती आणि ठोकळ्याचं तोंड सपाट पाट्यावर बारीक पेस्ट लावून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवून फिरवून घासलं, त्याला लॅपिंग म्हणतात. दोन पिस्टनचे पाय बदलले, ते त्याने दुसऱ्या मोडक्या हायड्रोतून काढले. सील, ओ-रिंग सगळ्या नव्या. चौदा हजार झाले आणि तीन आठवडे लागले. काम चालू असताना पाण्याचा विषय निघाला. २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी इथून जवळच वाहते. त्यानंतर कित्येक महिने बुडालेली यंत्रं येत होती म्हणाला, तेल ताकासारखं पांढरं झालेलं. ज्यांनी सुरू न करता तशीच आणली ती वाचली. ज्यांनी 'चालतंय का बघू' म्हणून किल्ली मारली ती गेली. आमच्याकडे पुरात गाड्या बुडतात तेव्हा हे आठवावं.

आता मी काय करतो ते, ज्यांच्याकडे असली गाडी आहे किंवा घ्यायची आहे त्यांच्यासाठी.

तेल कुठलं, हे पुस्तकात असेल तेच. काही छोट्या हायड्रोत इंजिनचं एसएई २० डब्ल्यू ५० चालतं, काहींत ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक-ट्रान्समिशनचं, काही कंपन्यांचं स्वतःचं. एकाचं दुसऱ्यात मिसळायचं नाही. पुस्तक नसेल तर घराच्या बॉडीवरचा नंबर घेऊन शोधायचं, अंदाज करायचा नाही. काही हायड्रो सीलबंद असतात, त्यांना तेल काढायचा बोल्टच नसतो. जुनी गाडी घेताना हे आधी बघा, कारण तिथे तेल बदलायचं म्हणजे अख्खा नग उतरवायचा.

घेताना थंड गाडी चालवून सौदा करू नका. मला ती थंडच दाखवली होती, नशीब चांगलं म्हणून दोन वर्षं निघाली. अर्धा तास कामाला लावा, मग चढावर न्या. झिजलेला हायड्रो गार असताना पैलवान असतो आणि तेल पातळ झालं की बसतो. पाय काढल्यावर गाडी हळूहळू सरकत असेल तर ते बहुतेक वेळा दांड्यांच्या जोडणीचं मापाचं काम असतं, त्याला घाबरू नका, पण त्या नावावर पाच हजार कमी करून घ्या.

हायड्रोच्या वर एक प्लॅस्टिकचा पंखा असतो आणि बॉडीला पातळ पात्या. गवत कापणाऱ्या गाडीवर तिथेच सगळा भुसा बसतो. पंखा भुशात, तेल भट्टीत. पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी ब्रशने झाडतो. पाण्याची धार मारत नाही, सीलच्या तोंडातून पाणी आत जातं. पंख्याचं एक पातं तुटलं तरी बदलतो, ऐंशी रुपयांचं काम आहे. पट्टा ढिला असेल तर हायड्रो कमजोर वाटतो, म्हणून आधी पट्टा बघायचा, मग मिस्त्री. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत एकाने पट्ट्यापायी हायड्रो उघडवला.

बंद पडलेली गाडी ओढायची असेल तर मागे बायपासचा एक छोटा दांडा असतो, तो ओढल्याशिवाय हलवायची नाही. नाहीतर चाकं मोटारीला फिरवतात, चार्ज पंप उभाच, आणि कोरडं घासतं. ओढतानाही चालण्याच्या वेगाने, दहा-वीस पावलं. लांब न्यायची तर टेम्पोत चढवा.

तेल बदलताना मी आता आंब्याखाली जात नाही. घरात, फरशीवर, दारं लावून. बूच उघडायच्या आधी आजूबाजूचं सगळं पुसतो. नरसाळं फक्त याच कामाचं, पिशवीत बांधून ठेवलेलं. चिंधी वापरत नाही, धागे सुटतात. फिल्टर तेलाबरोबरच बदलतो. नंतर हवा काढावी लागते, डिझेल इंजिनची काढतो तशी, पण पद्धत वेगळी. मागची चाकं जॅकवर घ्यायची, पुढच्या चाकांना दगड लावायचे, बायपास उघडा ठेवून इंजिन मंद चालवायचं आणि पायडल सावकाश पुढे-मागे पाच-सहा वेळा. मग बायपास बंद करून पुन्हा तेच. मग तेलाची पातळी बघायची, ती उतरलेली असते, भरायची. तेलात साबणासारखा फेस असेल तर थांबायचं, फेस बसू द्यायचा. घाई केली तर पहिल्याच दिवशी तो कण्हण्याचा आवाज येतो.

काढलेलं तेल पांढऱ्या वाटीत घेऊन उन्हात धरतो. जळका वास, चंदेरी-सोनेरी चमक किंवा ताकासारखा रंग, या तीन गोष्टी शोधतो. गेल्या वेळी किंचित सोनेरी दिसली. ते पिस्टनच्या पायाचं ब्राँझ असणार. म्हणजे जुने घातलेले ते दोन पाय झिजताहेत. मिस्त्रीला फोटो पाठवला, तो म्हणाला दोन पावसाळे जातील, तोवर पायांचा जोड शोधून ठेवतो.

पाटल्या २०२३च्या दिवाळीला सुटल्या. वडील आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांना एकदा गाडीवर बसवलं तर डावा पाय क्लच शोधत राहिला. नाही म्हटल्यावर उतरले, आणि तेल कोणतं घालतोस एवढं विचारलं.

मीटरवर आज ६३७ तास आहेत. गोठ्याच्या दारावर खडूने ७०० लिहून ठेवलंय, त्या दिवशी पुढचं तेल आणि फिल्टर. नव्वद नंबरचा डबा बी-२७५च्या शेडमध्ये वेगळ्या फळीवर ठेवला आहे आणि त्याला लाल रंग दिला आहे.